डोक्यातली रिकामी जागा

शाळा क्रमांक सत्तावीसमधल्या मुलांच्या डोक्यात सरासरी एकोणीस टक्के जागा रिकामी असल्याचं शासनाने कळवलं, तेव्हा प्रभारी मुख्याध्यापिका हेमलता सोनकांबळे खिचडीतला खडा शोधत होत्या. मुलांच्या आधी अर्धा तास मुख्याध्यापकाने खिचडी चाखायची असा नियम आहे. खडा सापडला. तो त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला आणि मोबाइलवरचं पत्र पुन्हा वाचलं. मागच्या सत्रात एकवीस होते. म्हणजे सहा महिन्यांत मुलांची डोकी दोन टक्क्यांनी आणखी भरली होती. कशाने भरली ते पत्रात नव्हतं. शिकवण्याने भरली नव्हती, हे मात्र चाचणीच्या निकालांवरून वेळोवेळी सिद्ध झालेलं होतं.

"एकोणीस," त्या म्हणाल्या.

समोर ताट घेऊन पठाण सर बसले होते. तिसरीचे वर्गशिक्षक, अठरा वर्षं याच शाळेत. "पासिंग किती?" त्यांनी विचारलं.

"तीस."

"मग अकराच कमी आहेत, मॅडम. गणितात आपली पोरं यापेक्षा जास्त मार्कांनी नापास होतात."

शाळा खदान वस्तीच्या तोंडाशी होती. शहरातली निम्मी जुनी घरं या खदानीतल्या दगडाची. दगड संपला, दगड फोडणारे तिथंच राहिले. आता त्यांच्या लेकी-सुना पहाटे बायपासच्या पलीकडच्या टॉवरांमध्ये धुण्याभांड्याला जात, पुरुष मजूरअड्ड्यावर, आणि एकशे बासष्ट मुलं चार खोल्यांच्या शाळेत. शिक्षक चार. चौथ्या खोलीत तांदळाची पोती होती, त्यामुळे चौथीचा वर्ग पोत्यांना टेकून बसे. महापालिकेच्या सगळ्या शाळांत बैठकव्यवस्थेत पाठ टेकायची सोय असलेला हा एकमेव वर्ग.

रिकामी जागा मोजणारी पट्टी चार वर्षांपूर्वी आली होती. दोन बोटं रुंद, कपाळाला बांधायची. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश कपाळाच्या हाडातून आत शिरतो आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तावर आदळून परत येतो. मेंदूचा जो भाग राबत असतो तिकडे प्राणवायू घेतलेलं रक्त जास्त धावतं, आणि त्या रक्ताचा रंग किंचित वेगळा असतो. परतलेल्या प्रकाशावरून पट्टी सांगते की हा भाग आत्ता किती कामात आहे. त्यातलं धड्याचं काम कुठलं आणि धड्याबाहेरचं कुठलं, हेही तिला लहरींच्या चालीवरून वेगळं काढता येतं. बाहेरचं म्हणजे नेमकं काय, ते मात्र तिला कळत नाही. शंभरातून बाहेरचं वजा केलं की उरते ती रिकामी जागा. कागदोपत्री तिचं नाव 'अवधान-रिक्तता निर्देशांक' असं होतं. शिक्षक तिला मोकळीक म्हणत.

प्रशिक्षणात हे सगळं प्रकल्पाच्या मृण्मय वैशंपायन नावाच्या इंजिनियरने समजावलं होतं. पंचविशीचा, अतिशय नम्र, पाण्याची बाटली कायम जवळ. पाऊण तास त्याने पडद्यावर मेंदू फिरवून दाखवला. शेवटी हेमलताबाई म्हणाल्या, "म्हणजे स्वयंपाकाचा ओटाच की. ओट्यावर आधीच चार पातेली, कणकेची परात आणि बाळाची दुधाची बाटली असेल, तर पोळपाट ठेवणार कुठं?"

मृण्मय त्यांच्याकडे पाहतच राहिला. "मॅम, हे मी पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये घालू का?"

"घाल. ओटा माझ्याच घरचा आहे."

ज्या शास्त्रज्ञांनी हा शोध लावला त्यांनी हजारो मुलांची कपाळं तपासली होती, आणि त्यांना असं आढळलं होतं की टॉवरमधल्या मुलाचा ओटा आणि खदानीतल्या मुलाचा ओटा, लांबी-रुंदी जवळजवळ सारखीच. फरक फक्त वर काय मांडून ठेवलंय याचा. त्यांना वाटलं, आता गरिबाच्या पोराला कुणी ढ म्हणणार नाही. कुणी म्हटलंही नाही. शासनाने फक्त एवढाच विचार केला की जिथं ठेवायला जागाच नाही तिथं शिक्षण पाठवून उपयोग काय. लागोपाठ तीन सत्रं तिसाच्या खाली राहिलेली शाळा जवळच्या शाळेत 'समायोजित' व्हायची होती. सत्तावीसची जवळची शाळा म्हणजे अकरा नंबर, अंतर दोन किलोमीटर नऊशे मीटर. नियम तीन किलोमीटरचा होता, त्यामुळे बसत होतं. मधून सहापदरी बायपास जातो याचा नियमात उल्लेख नव्हता. मागच्या वर्षी चुनाभट्टीची शाळा अशीच पलीकडे गेली. तिथल्या सत्तर मुलींपैकी अकरा पोचल्या. बाकीच्या अजून पटावर आहेत.

तिसरी मोजणी फेब्रुवारीत होती.

*

केंद्रप्रमुख उंबरकर साहेब स्वतः येऊन गेले. दहा शाळांवर त्यांची देखरेख होती आणि निवृत्तीला सात महिने उरले होते.

"मॅडम, आमच्या वेळी हे सोपं होतं," खुर्चीत बसत ते म्हणाले. "पटपडताळणी असली की शेजारच्या शाळेतून तीसेक पोरं मागवायची. सकाळी आपली, दुपारी त्यांची. आम्हीही पाठवायचो. माणुसकी होती."

"आता कपाळ ओळखतात, साहेब."

"तेच तर म्हणतो. विश्वासच राहिला नाही." त्यांनी चहा संपवला. "काहीतरी करा. माझ्या कारकिर्दीत शाळा बंद पडली असं नको."

"पडली तर मुलींचं काय होईल, साहेब?"

उंबरकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर चौथीतली एक मुलगी कमरेवर भाऊ घेऊन पायरीवर उभी होती. "त्यासाठीच म्हणतो ना, काहीतरी करा," ते म्हणाले.

ती मुलगी सारिका कुचेकर. हेमलताबाईंनी तिला आत बोलावलं, भावाला बिस्किट दिलं आणि सरावाच्या संचातली एक पट्टी तिच्या कपाळाला बांधली. मोबाइलवर आकडा आला, अकरा.

"सारिका, आत्ता डोक्यात काय चाललंय?"

"काई नाई, बाई."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

सारिकाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. टँकर आज आहे. तो एक दिवसाआड येतो, नऊपासून दोनपर्यंत कधीही. तिचे दोन निळे कॅन रांगेत सतरावे आहेत, आईने पहाटे लावलेत, वर खूण म्हणून जुनी चप्पल ठेवलीय. गाडी वळणावर तीन हॉर्न देते. नळी आपल्या कॅनपाशी येईल तेव्हा धनी तिथं हजर नसला की कॅन लाथेनं बाजूला. मग दोन दिवस कुणाकुणाच्या दारात हंडा घेऊन उभं राहायचं. मागच्या खेपेला आईला शेजारीण काय काय बोलली. भाऊ पायरीवरून पडेल का. आणि ते आत्ता वाजलं ते टँकरचं होतं का.

"ते ट्रकचं होतं."

"तीन हॉर्न वाजले नाई का?"

"दोन."

आकडा चौदा झाला.

त्या आठवड्यात हेमलताबाईंनी रोज सगळ्या वर्गांना पट्ट्या बांधल्या आणि तक्ता केला. टँकरच्या दिवशी सतरा. टँकर नसलेल्या दिवशी पंचवीस. सोमवारी गाडी चुकून शाळा भरायच्या आधीच आली, त्या दिवशी सदतीस. चार खोल्यांत बसलेल्या एकशे बासष्ट मुलांचे कान दिवसभर बायपासवर असत. बायपासवरून मिनिटाला चाळीस वाहनं जातात आणि त्यांतली बरीचशी हॉर्न वाजवतात.

"म्हणजे मी सव्वीस वर्षं कुणाला शिकवत होते?" त्यांनी पठाण सरांना विचारलं.

"पोत्यांना," सर म्हणाले. "ती चांगली ऐकतात."

*

पाणीपुरवठा विभागाला त्यांनी पत्र दिलं, की टँकर शाळा सुटल्यावर पाठवावा. विभागाने कळवलं की टँकरच्या वेळेचा आणि शिक्षणाचा परस्परसंबंध तपासून घेण्यासाठी पत्र शिक्षण विभागाकडे पाठवलं आहे. शिक्षण विभागाने ते योग्य कार्यवाहीसाठी मुख्याध्यापिका, शाळा क्रमांक सत्तावीस यांच्याकडे पाठवलं. त्यांनी ते फाइलला लावलं.

मग पठाण सर रांगेत जाऊ लागले. सुरुवातीला वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी वाद घातला. एका माणसाने एका घरापुरतं उभं राहायचं, हा इथला कायदा. सर मास्तर असले म्हणून काय झालं, उद्या नगरसेवक येईल पन्नास कॅन घेऊन. शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्या कडूबाईने तोडगा काढला. तीच शाळेत खिचडी करायची. "सर त्यांचा मास्तर हाय ना? मग पोरं त्यांची. पोरांचे कॅन त्यांचे. बसा गप." झालं. टँकरच्या दिवशी साठ कॅनचे धनी पठाण सर. पँट गुडघ्यापर्यंत भिजवून ते कधी अकराला, कधी दोनला परत यायचे.

मोकळीक सत्तावीसवर गेली.

मात्र सर रांगेत असले की तिसरीचा वर्ग हेमलताबाईंच्या चौथीत येऊन बसे. पोत्यांपुढे चौऱ्याऐंशी मुलं. डोक्यात जागा झाली होती, पण तिथं काय ठेवायचं ते सांगणारा माणूस पाण्यात उभा होता. ही अडचण पट्टीला दिसत नसे. पट्टी फक्त जागा मोजते.

*

मोजणीच्या दोन दिवस आधी परिपत्रक आलं. मोजणीच्या वेळी सर्व शिक्षक सकाळी दहापासून वर्गात हजर असावेत, हजेरी कपाळावरून होईल. मोजणी मंगळवारी साडेदहाला. मंगळवार टँकरचा.

मंगळवारी पावणेदहाला हेमलताबाईंनी टँकरच्या ड्रायव्हरला फोन केला.

"बबनराव, आज लवकर येता का?"

"बाई, पंपावर माझ्यापुढं नऊ गाड्या आहेत. अकरा तर होतील."

पठाण सर दारात उभे होते. "मॅडम, मी जातो. गैरहजेरी लागू द्या."

"एक शिक्षक गैरहजर असला की शाळेचे पाच कापतात, सर. वाचलंत ना?"

"मग कडूबाई?"

"चूल पेटलीय. खिचडी वेळेवर नसली तरी पाच."

पठाण सर आपल्या वर्गात गेले. मृण्मय पट्ट्यांची पेटी घेऊन आला, बाटलीतलं पाणी प्याला, आणि चौथीपासून सुरुवात करू या म्हणाला. पट्ट्या बांधून झाल्या. पडद्यावर सरासरी आली, सोळा. ही नुसती तपासणी आहे, मॅम, खरी मोजणी पाच मिनिटांनी सुरू होईल, तो म्हणाला. त्याने ते धीर द्यायला सांगितलं असावं.

हेमलताबाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या. बेचाळीस कपाळांवर बेचाळीस हिरवे ठिपके. सगळे खिडकीकडे वळलेले.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "टँकर नऊलाच हॉर्न न देता येऊन गेला. पठाण सरांनी सगळ्यांचे कॅन भरून घरापुढे ठेवलेत. मी स्वतः बघून आले."

सारिकाने हात वर केला. "माझेपण, बाई?"

"तुझे दोन्ही."

"झाकणं लावली का?"

"लावली. घट्ट."

आणि मग त्या खोलीत असं काही झालं, जे सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाहिलं नव्हतं. मुलांचे खांदे खाली आले. कुणीतरी लांब श्वास सोडला. ठिपके एकेक करून फळ्याकडे वळले. पडद्यावरचा आकडा तीस, अडतीस, चव्वेचाळीस असा चढत गेला. मृण्मयने पेटीची वायर काढून पुन्हा लावली.

बाईंनी फळ्यावर सत्त्याण्णव भागिले चार लिहिलं. हा भागाकार त्या नोव्हेंबरपासून शिकवत होत्या. आज त्यांनी एकदाच सांगितला. नवाचे चार भाग कसे करायचे, उरलेला दहा होऊन सातापाशी कसा जातो. मागच्या बाकावरचा, म्हणजे मागच्या पोत्यावरचा, एक मुलगा 'अच्छा' म्हणाला, अगदी सहज, जसं मोठी माणसं म्हणतात. पाटीवर खडू वाजत होते. सारिकाने चोवीस उत्तर आणि एक बाकी असं लिहून पाटी उंच धरली. तिचा आकडा अठ्ठावन्न होता.

"बाई, तो उरलेला एक, त्याचं काय करायचं?"

"त्यालाही वाटता येतं."

"कसं?"

"ते पाचवीत."

"आत्ताच सांगा ना," सारिका म्हणाली.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. तीनदा.

बेचाळीस चेहरे बाईंकडे वळले. ओरड नाही, कुजबुज नाही. नुसते वळले.

"दुसरी गाडी आहे," त्या म्हणाल्या. "बांधकामाची."

मुलं फळ्याकडे वळली. पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही. त्यांनी तो पुष्कळ वेळ पाहिला. पुढच्या आयुष्यात कुणी त्यांना विश्वास म्हणजे काय असं विचारलं असतं, तर त्यांना दशांश चिन्हासकट सांगता आलं असतं.

मग त्यांनी उरलेल्या एकाचे चार भाग करून दाखवले. पंधरा मिनिटांत पाचवीचं पहिलं प्रकरण झालं. बाहेर रांगेत साठ कॅन लाथेने बाजूला होत होते, आणि प्रत्येकाचा आवाज त्यांना ऐकू येत होता. रिकाम्या कॅनचा आवाज लांब जातो.

बाकीच्या तिन्ही वर्गांनाही बाईंनी तेच सांगितलं, आणि शाळेची सरासरी सेहेचाळीस आली.

*

दुसऱ्या दिवशी हजेरी पूर्ण होती. कुणी तक्रार घेऊन आलं नाही. आया कामावर गेल्या होत्या, आणि मास्तरणीशी भांडायला लागणारा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

"सारिका, पाण्याचं काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"आणलं इकडून तिकडून."

"आई रागावली?"

"मला नाई रागावली." ती भावाच्या नाकाला फडकं लावत होती. "मी तिला सांगितलं, बाई बघून आल्या. ती म्हणली, मग बाईंनी दुसऱ्याचे बघितले असतील."

बाईंनी तिला खरं काय ते सांगितलं. सगळ्या वर्गांना सांगितलं. शाळा बंद पडू नये म्हणून खोटं बोलले, चुकले. मुलांनी ऐकून घेतलं. "असू द्या, बाई," मागून कुणीतरी म्हणालं. मोठ्या माणसांना समजून घ्यायची त्यांना सवय होती.

आकडा पंधरापेक्षा जास्त उडी मारतो तेव्हा आठ दिवसांनी पडताळणी होते, हे मृण्मयने नंतर सांगितलं. पडताळणीच्या दिवशी नशिबाने बबनरावांची गाडी नऊला आली. पठाण सरांनी साठच्या साठ कॅन भरले, घरोघरी पोचवले, आणि पावणेदहाला हाश्शहुश्श करत वर्गात आले.

"मुलांनो, आज खरंच भरलंय," हेमलताबाई म्हणाल्या. "सरांची पँट बघा."

मुलांनी पँट पाहिली. सरांनी पाय पुढे करून दाखवला.

"टाकीच्या पाण्यानंपण भिजते," पोत्यावरचा मुलगा म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. तो एक शक्यता मांडत होता.

सरासरी बारा आली.

ती सोळा होती तेव्हा मुलांच्या ओट्यावर टँकर होता, भाऊ होता, शेजारीण होती. आता आणखी एक वस्तू आली होती, बाई खरं बोलताहेत का. आणि ती बरीच जागा अडवत होती.

मृण्मय पडद्याकडे पाहत राहिला. त्याला आता बरंच काही कळलेलं दिसत होतं. "मॅम," तो हळू आवाजात म्हणाला, "फॉर्ममध्ये एक रकाना आहे. तांत्रिक दोष. मी तिथं खूण केली आणि तुम्ही सही केली, तर आधीचा आकडा कायम धरतात. शेहेचाळीस."

"सेहेचाळीस," त्यांनी सवयीने दुरुस्त केलं.

"हो, तेच. पट्ट्यांमध्ये दोष नाहीये हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही."

"पण तुला माहीत आहे."

"मी चार वर्षं बारा-बारा, चौदा-चौदा लिहून शाळा बंद करतोय, मॅम. मला एकदा सेहेचाळीस लिहू द्या."

बाहेर पायरीवर सारिकाचा भाऊ बसला होता. त्याच्यापलीकडे वस्ती, वस्तीपलीकडे बायपास. हेमलताबाईंनी सही केली. सगळा वर्ग बघत होता. काय सही केली ते मुलांना ठाऊक नव्हतं, पण बाईंचा चेहरा त्यांना आता वाचता येत होता. वाचनात तेवढी प्रगती झाली होती.

*

शाळा वाचली. उंबरकर साहेबांनी पेढे पाठवले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसरं पत्र आलं. शाळा क्रमांक सत्तावीस 'सक्षम' श्रेणीत गेल्याबद्दल अभिनंदन. मुलांच्या डोक्यात पुरेशी जागा असल्याने त्यांना कमी शिक्षक पुरतील, सबब दोन शिक्षक गरजू शाळांकडे वर्ग करण्यात येत आहेत. पहिलं नाव पठाण सरांचं.

"कुठली शाळा मिळाली?" बाईंनी विचारलं.

"अकरा नंबर." सर कपाटातून आपले पाण्यात घालायचे रबरी बूट काढत होते. "मॅडम, तिथं नळ आहे म्हणे. मी तिथं करणार काय?"

"शिकवाल."

"जमेल का आता," सर म्हणाले, आणि बूट तिथंच ठेवून गेले.

पुढच्या टँकरच्या दिवशी तिसरी-चौथी मिळून चौऱ्याऐंशी मुलं आणि एक बाई. पलीकडे पहिली-दुसरीत दुसऱ्या एक बाई, त्यांचा आवाज गेलेला. रांगेत कुणी नाही. फळ्यावर भागाकार. नऊ वीसला सारिका उठली, भावाला कमरेवर घेतलं आणि टेबलापाशी आली.

"बाई, मी रांगेत थांबू का? सगळ्यांची? मी थांबले तर ही सगळी बसतील. माझं ऐकतात."

ते खरं होतं. बाईंचं ऐकून खिडकी न सोडणारी मुलं सारिकाच्या शब्दावर खिडकी सोडणार होती.

"आणि तुझा अभ्यास?"

"मला तसंपण येत नाई."

"तुला येत होतं. त्या मंगळवारी. उरलेल्या एकाचं तूच विचारलंस."

"तेव्हा पाणी भरलं होतं."

"भरलं नव्हतं, सारिका."

"हो, पण मला माहीत नव्हतं ना," सारिका म्हणाली. तिने हे दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. ती फक्त गणित बरोबर मांडत होती.

हेमलताबाईंनी खडू खाली ठेवला. कपाटाशी जाऊन पठाण सरांचे बूट काढले. ते त्यांना तीन बोटं मोठे होत होते.

"मी थांबले तर चालेल का?"

सारिकाने त्या बुटांकडे पाहिलं. बाकी सगळी मुलं तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"आधी मी येऊन बघते," ती म्हणाली.

दोघी रांगेपर्यंत चालत गेल्या. भाऊ कमरेवर, बूट फटक-फटक वाजत. सारिकाने त्यांना सतराव्या कॅनपाशी उभं केलं. नळी आली की आधी झाकण काढून हातात धरायचं, खाली ठेवायचं नाही, पळवतात. ती हिरव्या साडीवाली मधे घुसते, तिला घुसू द्यायचं नाही. म्हातारीला द्यायचं. चप्पल हलवायची नाही. आणि मधेच साहेबाचा फोन आला तर?

"उचलणार नाही."

"शाळेत कुणी आलं तर?"

"तरी हलणार नाही."

सारिकाने मान हलवली. हो असं नाही, ऐकलं असं. ती शाळेकडे निघाली. बाईंना माहीत होतं, की आता तिथं चौऱ्याऐंशी डोक्यांत हळूहळू जागा होईल, फळ्यावर एक अर्धा भागाकार असेल, आणि तो पुरा करून दाखवायला खोलीत कुणी मोठं माणूस नसेल. फार तर सारिका खडू घेईल. घेतला तर उरलेल्या एकापर्यंत तिला जाता येईल, त्यापुढचं तिने एकदाच पाहिलेलं होतं.

वळणावर पोचल्यावर सारिकाने मागे पाहिलं. बाई उभ्या होत्या. चार पावलं गेल्यावर तिने पुन्हा पाहिलं. फाटकापाशी तिसऱ्यांदा. आणि फाटकाच्या आत गेल्यावर भिंतीवरून डोकं वर काढून, चौथ्यांदा.

बाई त्या मोठ्या बुटांत हलल्या नाहीत.